थोरलीचे पट्टे

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाच्या आयुष्यात दोनच गोष्टी अशा होत्या, की ज्यांचं नुसतं नाव काढलं तरी त्याचा चेहरा खुलायचा. एक त्याची दहा वर्षांची मुलगी आणि दुसरी त्याची जुनी गाडी. आणि या दोघींची गाठ पडू द्यायची नाही, असा दंडक मुलीच्या आईने घालून दिला होता.

मुलीचं घरातलं नाव मुंगी. जन्मली तेव्हा वजन कमी आणि वळवळ जास्त, म्हणून. गाडीचं नाव थोरली, आणि तेही मुलीच्या आईनेच ठेवलेलं. फिकट बदामी रंगाची, चार दारांची, पुढे सोफ्यासारखी एकच लांब सीट असलेली ती गाडी वयाने त्याच्यापेक्षा एका वर्षाने मोठी होती. लग्नाच्या आधी त्याने ती एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी नवरा उठल्याउठल्या गाडीला आंघोळ घालायला गेलेला पाहून नवी नवरी खिडकीतून म्हणाली होती, "म्हणजे ही थोरली. मी आपली धाकटी." तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते. पुढे हसणं कमी झालं, पण नाव राहिलं.

थोरली बनली त्या काळात गाडीत पट्टे लावायची पद्धत नव्हती. माणसं दाराला नाहीतर एकमेकांना धरून बसायची. धाकटीला मात्र ते कधीच पटलं नाही. ती फिजिओथेरपिस्ट होती, आणि मणक्याला मार बसलेल्या रुग्णांचा वॉर्ड तिच्याकडे होता. रोज संध्याकाळी ती घरी येताना एखादी गोष्ट घेऊन यायची. कोणी शिक्षक मागच्या सीटवर डुलकी घेत होता, गाडी काही फार जोरात नव्हती, आणि आता तो चमचा धरायला शिकतोय. मुंगी पोटात होती तेव्हा तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. "पुढे एक, मागे एक. दोन पट्टे बसव. जास्त काही मागत नाही."

"अगं, थोरलीला भोकं पाडू?" तो म्हणायचा, आणि विषय हसण्यावारी न्यायचा.

त्याच वर्षी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात एक परीक्षक टॉर्च घेऊन थोरलीखाली शिरला होता आणि कपडे झटकत बाहेर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "एकही भोक नवीन नाही!" ते प्रमाणपत्र चौकट करून त्याने कामाच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगेवर टांगलं होतं. मुंगीचा जन्म झाल्यावर तिची आई तिला घेऊन हॉस्पिटलमधून निघाली ती टॅक्सीने. आणि हा टॅक्सीच्या मागोमाग रिकामी थोरली चालवत घरी आला.

घटस्फोट काही पट्ट्यांवरून झाला नाही. कागदांवर वेगळीच कारणं होती आणि तीही खोटी नव्हती. पण दोघांनी मिळून साठवलेल्या त्या ढिगात पट्टे कुठेतरी तळाशी होते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि तिलाही. घटस्फोटाला आता सहा वर्षं झाली होती. तिला काय म्हणायचं हे त्याला अजून जमलेलं नव्हतं. बायको म्हणता येत नव्हतं, नाव घेताना जीभ अडखळायची. शेवटी तो 'मुंगीची आई' यावर येऊन थांबला होता. त्या दोन शब्दांत निदान एक शब्द तरी त्याचा होता.

दर रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मुंगी त्याची असे. दोघं बसने फिरत. अशाच एका रविवारी, बस येता येत नव्हती तेव्हा, मुंगी चप्पलने जमिनीवर रेघा ओढत म्हणाली, "बाबा, आईला मोठ्या हॉस्पिटलमध्ये घेतलंय. दुसऱ्या गावात. परीक्षा झाली की आम्ही जाणार."

"किती लांब?"

"चार तास. आई म्हणाली, तुला ती सांगणारच आहे. पण मीच सांगितलं."

त्याने मनातल्या मनात परीक्षेपर्यंतचे रविवार मोजले. सात भरले.

"बाबा, जायच्या आधी एकदा तरी मला थोरलीत बसव ना. मी तिला नुसती गॅरेजात बघितलीये. झाकलेली."

"तुझी आई नाही म्हणते ना."

"आई गाडीला नाही म्हणत नाही काही. पट्टे नाहीत म्हणून नाही म्हणते." मुंगीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू इतकी साधी गोष्ट या माणसाला अजून कशी कळली नाही. "तर मग लाव की पट्टे."

त्याच संध्याकाळी त्याने फोन केला. बोलायचं ते आधी तीनदा घोकून ठेवलं होतं, तरी ऐन वेळी भलतंच तोंडातून गेलं. "थोरलीला पट्टे बसवतोय. मग नेऊ का मुंगीला?"

पलीकडे तिने कुठलंतरी दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बसवून घे," ती म्हणाली. "मी स्वतः बघेन. मग ठरवू."

गावाबाहेरच्या रस्त्याला एक मिस्त्री होते. सत्तरी उलटलेली, पण अंगात अजून दम असलेले. जुन्या गाड्यांचे पत्रे ठोकण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि तोंडाच्या बाबतीतही नव्हता. कवळीवाल्याने पिशवीतून पट्ट्यांचे नमुने काढले आणि सीटच्या रंगाशी लावून बघायला लागला.

"हा चॉकलेटी बरा दिसेल का? का करडा?"

"अहो, साडीला मॅचिंग ब्लाउज घेताय का?" मिस्त्री म्हणाले. "पट्टा दिसायला काय, कसाही चालेल. तो कशाला बांधायचा ते आधी बघू. उचला ती सतरंजी."

पायाखालचं जाड आवरण दोघांनी मिळून उचललं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि सीटच्या मागच्या कोपऱ्यात जरा जोर दिला. टोक बिस्किटात शिरावं तसं पत्र्यात शिरलं. त्यांनी दुसरीकडे टोचलं. तिथेही तेच. खालून जमिनीवरचा उजेड दिसायला लागला.

"वरून काय ती चकाकी!" मिस्त्री म्हणाले. "आणि खाली गंजाने पत्र्याची पार चाळण झालीय. इथे पट्टा बांधला असतात तर पहिल्या धक्क्याला पट्टा, बोल्ट आणि माणूस, तिघं एकदमच पुढे गेले असते."

तो उकिडवा बसून त्या भोकाकडे बघत राहिला. बारा-तेरा वर्षं तो दर रविवारी हिला धूत आला होता. परीक्षक खालून टॉर्च मारून गेला होता. रंगाखाली काय चाललंय ते कोणाच्याच नजरेला पडलं नव्हतं.

"किती दिवस लागतील?"

"नुसते पट्टेच बसवायचे असते तर दोन. आता सगळा तळ कापून नवा पत्रा घालावा लागेल. महिना धरा."

"महिना नाहीये हो माझ्याकडे."

"मग उद्यापासून हात लावा माझ्याबरोबर. दोन हात जास्त असले की काम पुढे सरकतं."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी कवळ्यांचं काम आवरून मिस्त्रींकडे जायला लागला. तासायचं, घासायचं, धरून उभं राहायचं. नव्या पत्र्याच्या खालून जाड लोखंडाच्या तळहाताएवढ्या पट्ट्या वेल्डिंग करून बसवायच्या होत्या, म्हणजे धक्का बसला तर जोर एका बोल्टवर न येता पसरतो. अडचण मधल्या उंचवट्याशी आली. तिथे पत्रा पालथ्या वाडग्यासारखा गोल होता आणि मिस्त्रींची पट्टी काही केल्या नीट टेकत नव्हती. एका बाजूने चिकटली की दुसऱ्या बाजूने उघडी.

"थांबा," तो म्हणाला. घरी जाऊन तो प्लास्टरची बरणी घेऊन आला. पेशंटच्या जबड्याचा घेतात तसा त्याने त्या उंचवट्याचा ठसा घेतला आणि त्यावरून साचा बनवला. मिस्त्रींनी साच्यावर पट्टी ठोकली. ती जागेवर अशी बसली की मध्ये कागदही सरकेना.

मिस्त्री खो खो हसले. "चाळीस वर्षं झाली धंद्यात. गाडीला कवळी बसलेली आज बघतोय."

पण पाच रविवार गेले ते गेलेच. त्या पाचही रविवारी तो मुंगीला घेऊन मिस्त्रींकडे यायचा. ती उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसून सगळं बघायची आणि घरी जाऊन आईला सांगायची. त्याला ते माहीत होतं. त्यामुळे मुंगी समोर असली की तो जरा मोठ्याने समजावून सांगायचा, "हा बोल्ट बघ, किती जाड आहे. हा सीटला नाही, गाडीच्या अंगाला बांधलाय. सांगितलं नाहीस आईला तरी चालेल म्हणा." आणि मुंगी हमखास सांगायची.

पट्टे बसवायची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "मागे दोन. पुढे किती? सीट सलग आहे, तीन माणसांची. मधल्या जागेला पण लावू का?"

त्याने त्या सलग सीटकडे पाहिलं. पहिल्या वर्षी धाकटी नेहमी दाराशी बसायची आणि गावाची वेस ओलांडली की हळूहळू सरकत मधल्या जागी यायची. न बोलता. गियर बदलताना त्याचं कोपर तिला लागायचं आणि ती मुद्दाम हलायची नाही.

"दोनच," तो म्हणाला. "मध्ये कोणी बसत नाही."

सहाव्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मुंगीची आई आली. ड्युटीवरून थेट आली होती. पायात हॉस्पिटलचे पांढरे बूट, खांद्याला मोठी पिशवी. केसांत कानांपाशी पांढरं दिसायला लागलं होतं. रविवारी दारातून मुंगीला घेताना तो तिला बघायचा, पण ते अर्ध्या मिनिटाचं असायचं. दिवसाच्या उजेडात, इतक्या जवळून त्याने तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिने पिशवी खाली ठेवली आणि सरळ मिस्त्रींनाच विचारलं, "पट्टा सीटला बांधलाय की बॉडीला?"

"बॉडीला, बाई. सीटला बांधला तर सीटसकट माणूस उचकटतो."

"खालून आधार?"

"चारही ठिकाणी. बघता का?"

ती जमिनीवर हात टेकून वाकली, मोबाइलचा उजेड पाडला, आणि एकेक पट्टी बोटांनी चाचपून पाहिली. मग मागच्या सीटवर बसून तिने दोन्ही पट्टे लावले, काढले, अंगाचा सगळा भार टाकून ओढले. कमरेवरचा पट्टा कुठे येतो ते बघितलं. "पोटावर नको, हाडावर हवा," ती म्हणाली, आणि मिस्त्रींनी मान डोलावून पाना घेतला. बोल्ट दोन बोटं मागे गेला. पुन्हा बघितलं. आता ठीक होतं.

मिस्त्रींना ती फारच पसंत पडलेली दिसली. त्याच्याकडे वळून ते भाबडेपणाने म्हणाले, "यांना घेऊन आधीच का नाही आलात हो?"

त्याने हातातल्या फडक्याने आधीच पुसलेले हात पुन्हा पुसले.

"चालवून बघू," ती म्हणाली. "मोकळा रस्ता आहे ना पुढे?"

ती पुढे बसली, दाराशी. पट्टा ओढला, बकल खट् करून बसलं. त्यानेही लावला. त्याला स्वतःला अजून सवय नव्हती. पट्ट्याची कड मानेला घासत होती. थोरली सुरू झाली. इंजिनचा तो जाड, घसा बसल्यासारखा आवाज ऐकून मुंगीच्या आईने खिडकीबाहेर पाहिलं आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"अजून तशीच खोकते," ती म्हणाली.

"हो."

गोदामांच्या मागचा रस्ता सरळसोट आणि निर्मनुष्य होता. "चाळीसवर ने," ती म्हणाली. "मी सांगितलं की जोरात ब्रेक दाब. हळूहळू नाही. समोर कोणी आडवं आलंय असं समज."

काटा चाळीसवर गेला.

"दाब!"

त्याने ब्रेक दाबला. चाकं किंचाळली, थोरलीने नाक खाली घातलं, पट्टा छातीवर करकचून आवळला आणि गाडी जागच्या जागी थांबली.  मग त्याच्या लक्षात आलं, की आपला एकच हात स्टिअरिंगवर आहे. दुसरा हात बाजूला गेला होता. तो तिच्यासमोर आडवा, ताठ, पंजा उघडा, तिला अडवून धरल्यासारखा थांबला होता. पट्टे नव्हते त्या दिवसांत ब्रेक लागला की तो हात असाच जायचा. इतक्या वर्षांनी, न सांगता, तो पुन्हा गेला होता.

तिने हाताकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"पट्टा आहे मला," ती हळूच म्हणाली.

"हो." त्याने हात मागे घेतला. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना. शेवटी गियरवर ठेवला.

"मुंगी असेल तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव."

"ठेवीन."

इंजिन बंद पडलं होतं. दोघांपैकी कोणीच ते सुरू करायचं नाव काढलं नाही. गोदामाच्या पत्र्यावर दोन कबुतरं भांडत होती.

"तेव्हाच करायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तिने त्याला सावरून घेतलं नाही आणि टोचलंही नाही. "किती दिवस लागले?"

"पाच आठवडे. गंज निघाला म्हणून. नाहीतर दोन दिवस."

"दोन दिवस." तिने पट्ट्याची कड अंगठ्याने चोळली. "मी सात महिने मागत होते रे."

त्याला पुष्कळ काही बोलायचं होतं. टॅक्सीच्या मागून येताना मागच्या काचेतून तिचं डोकं बाळावर वाकलेलं दिसत होतं, आणि प्रत्येक सिग्नलला वाटत होतं की उतरावं, आत्ता उतरावं, जाऊन दार उघडावं. तो उतरला नव्हता. हे तिला कधीच सांगितलं नव्हतं. आत्ताही ओठांपर्यंत आलं.

"नवी नोकरी कशी आहे?" त्याने विचारलं.

"चांगली आहे. मोठा वॉर्ड आहे." तिने बकल दाबलं आणि पट्टा सरसर वर गेला. मग तिला आठवलं की अजून मिस्त्रींपर्यंत परत जायचंय, आणि तिने तो पुन्हा लावला. "रविवारी नऊ वाजता ने तिला. मागे बसव. पुढे नाही."

उरलेले दोन रविवार मुंगी थोरलीत बसली. पहिल्या दिवशी ती नवा फ्रॉक घालून आली होती, जसं कोणाच्या घरी पहिल्यांदा जायचंय. पट्टा तिने स्वतः लावला, स्वतः ओढून बघितला आणि आईच्याच सुरात म्हणाली, "पोटावर नको, हाडावर हवा." पुढच्या लांबलचक सीटवर तो एकटा आणि मागे ती. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर वाटत होता तो, पण सकाळी नऊपासून त्याचं तोंड मिटलं नाही. आरशात तिचे दोन डोळे आणि कपाळ दिसायचं. तिथे बघून तो बोलायचा आणि ती मागून ओरडायची, "बाबा, समोर बघ!"

मग परीक्षा संपली आणि सामानाचा ट्रक आला. तो निरोप द्यायला गेला नाही. त्या दिवशी त्याने एकाच वरच्या जबड्याची कवळी तीन वेळा घासली आणि तिन्ही वेळा ती बिघडवली. संध्याकाळी त्याने कामाच्या खोलीतलं प्रमाणपत्र उतरवलं. आता ते खरं राहिलं नव्हतं.

नवीन ठरलं ते असं, की महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी त्याने तिकडे जायचं. पहिल्या खेपेला तो पहाटेच निघाला. चार तास एकट्याने थोरली चालवली. मुंगी नव्या घराच्या फाटकापाशीच उभी होती. तिची आई ड्युटीवर गेली होती.

गाव मोठं होतं आणि त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "मी सांगते ना रस्ता," मुंगी पट्टा लावत म्हणाली. "तू फक्त चालव. हळू चालव, म्हणजे सगळं दिसेल."

"बरं, बाई."

"इथून डावीकडे. ही माझी शाळा. आता सरळ. हा भाजीबाजार. ती कडेची बाई आहे ना, लाल छत्रीवाली, आई तिच्याकडूनच घेते. दुसऱ्या कोणाकडे जात नाही."

त्याने लाल छत्री नीट बघून घेतली.

"आता उजवीकडे. ते पांढरं आहे ना, ते हॉस्पिटल. आई चौथ्या मजल्यावर. ही खिडकी नाही, त्याच्या पलीकडची. आणि ह्या झाडाखालचं बाक आहे ना, काम संपलं की आई तिथे बसते. दहा मिनिटं. मग बस येते."

"एकटीच बसते?" त्याने विचारलं, आणि विचारल्याचं त्याला लगेच वाईट वाटलं.

"कधी एकटी. कधी मी असते. आम्ही शेंगा खातो." मुंगीला यात विशेष काही वाटलं नाही. "बूट काढून बसते. पाय दुखतात तिचे."

बाक रिकामं होतं. सकाळचं ऊन त्याच्या एका टोकाला आलेलं. मागच्या रिक्षाने हॉर्न वाजवला तशी त्याने थोरली पुढे घेतली. पुढे मुंगीने औषधाचं दुकान दाखवलं, आईने चष्मा केला ते दुकान दाखवलं, आई ज्या वळणावर रोज मुंगीचा हात घट्ट धरते ते वळण दाखवलं. मग रस्ता संपून एक मोठा चौक आला.

"आता कळलं ना सगळं?" तिने विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "नवीन गाव आहे ना. नाही राहिलं लक्षात. परत एकदा दाखवतेस?"

मुंगीने एक मोठा सुस्कारा सोडला. आपल्या बाबाचं कसं होणार, याची काळजी त्यात होती.

"बरं," ती म्हणाली. "परत शाळेपासून. आणि या वेळी नीट बघ."

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि चौकाला वळसा घातला.